माती आणि कापड जोडताय? आधी भोकांचं बघा

सिरॅमिक आणि कापड एकत्र करून गोष्ट सांगायचीय, सुरुवात कुठून करू, असं बरेच जण विचारतात. माती मळणं, कॉइल (मातीच्या वळ्या एकावर एक रचणं), धावदोरा एवढं येतं असं धरून चालते.

मला सगळ्यात जास्त रडवलं ते जोडाने. बाईचं धड मातीचं आणि पदर जुन्या लुगड्याचा, अशी कल्पना. ओल्या मातीत कडेने भोकं पाडली, सुई आरामात जात होती. ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) करून भट्टीतून काढलं तर अर्धी भोकं काचेने बुजलेली आणि उरलेल्यांच्या कडा एवढ्या धारदार की पदराच्या वजनाने दोरा तुटायला लागला!

म्हणून नीट वाचा. माती वाळताना आटते आणि भाजताना परत आटते. तुमची माती किती आटते ते दुकानदाराला विचारू नका, ओल्या पट्टीवर १० सेंमीची रेघ मारा, पूर्ण भाजा आणि मोजा. ८.८ उरली तर १२ टक्के, म्हणजे शेवटी ५ मिमीचं भोक हवं असेल तर ओल्यात जवळपास ६ मिमी पाडायचं, वर ग्लेझसाठी अजून थोडी जागा. भोक पाडायचं ते माती लेदर हार्ड, म्हणजे ओलसर पण घट्ट, झाल्यावर, त्याआधी पाडलं तर कडा फाटते, पूर्ण वाळल्यावर पाडलं तर टवका उडतो. मग ओल्या स्पंजने कडा गोल करा, आतल्या बाजूचीसुद्धा, कारण दोरा कापते ती आतलीच. बिस्क, म्हणजे ग्लेझआधीची पहिली भाजणी, झाल्यावर भोकाभोवती मेण लावलं की तिथे ग्लेझ धरत नाही. भाजल्यावर डायमंड बिटने पाणी सोडत ड्रिल करता येतं, पण कडेजवळ करायला जाऊ नका, रडाल.

ग्लू गनचं तर नावच काढू नका. चकचकीत ग्लेझवर ती धरत नाही, आणि पुण्याच्या उन्हात खिडकीशी ठेवलेलं काम एप्रिलमध्ये सुटून येतं.

गोष्टीचं म्हणाल तर पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे करत कथा सांगतात, तुमच्याकडे एकच वस्तू आहे, तिच्यात अख्खं रामायण कोंबू नका. एक क्षण घ्या. कापड स्लिपमध्ये (पाण्यात कालवलेल्या पातळ मातीत) बुडवून भाजलं तर कापड जळून जातं आणि घड्यांचं पातळ कवच उरतं, गेलेल्या माणसाबद्दल काही करायचं असेल तर मला यापेक्षा चांगली वाट सापडलेली नाही. फक्त धूर होतो, भट्टीवाल्याला आधी सांगा.

वीकेंड वर्कशॉपबद्दल माझं मत वाईट आहे, तिथे सगळ्यांच्या हातात एकसारखा मातीचा मग येतो. त्यापेक्षा कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात कोणी बसू दिलं तर गप्प बसून हात बघा, आणि गोधडी शिवणारी एखादी मावशी गाठा. आणि तुमच्या कामाला स्वतः हात लावून 'सुधारून' देणारे सर असतील तर पळा.

दोन्ही माध्यमं एकदम जमत नाहीत म्हणून जीव खाऊ नका. मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) आधी वर्षानुवर्षं दोराला गाठी मारून मोठमोठी शिल्पं करत होत्या, सिरॅमिककडे नंतर वळल्या. पावसाळ्यात तर कापडाचंच काम करा, जाड माती आतून ओली राहते आणि तशीच भट्टीत गेली की फुटते, शेजारच्याचंही काम घेऊन.