पेपर पाठवण्याआधी ‘एम्स अँड स्कोप’ वाचा

युरोपातल्या जर्नलला, म्हणजे संशोधन नियतकालिकाला, पेपर पाठवताय? मग त्यांचं ‘एम्स अँड स्कोप’, म्हणजे जर्नलची उद्दिष्टं आणि विषयांची व्याप्ती सांगणारं पान, आधी शांतपणे वाचा. वर्ष-दोन वर्षांचं चांगलं काम केवळ चुकीच्या दारात गेलं म्हणून रेफरीपर्यंत, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञापर्यंत, न पोचताच परत येतं, याचं फार वाईट वाटतं.

१९४८ साली सुरू झालेलं ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका’ हे स्फटिकशास्त्राचं जर्नल घ्या. नाव एकच, पण आज त्याचे ए ते एफ असे सहा विभाग आहेत. प्रथिनाची रचना उलगडली असेल तर डी किंवा एफ. लहान रेणूची रचना थोडक्यात मांडायची असेल तर ई. हेच काम ए विभागाकडे गेलं तर टिकणार नाही, कारण तिथे स्फटिकशास्त्राचा पाया, म्हणजे सिद्धान्त आणि पद्धती, यांवर भर असतो.

‘आम्ही काय छापत नाही’ हे वाक्य असेल तर ते सगळ्यात आधी शोधा. मग गेल्या वर्षभराच्या अनुक्रमणिका चाळा. तुमच्या संदर्भसूचीत त्या जर्नलमधला एकही लेख नसेल, तर पुन्हा विचार करा. तरीही शंका उरलीच, तर गोषवारा जोडून संपादकांना ईमेलवर सरळ विचारा.