मातीच्या विटांचं घर: नाशिकच्या जमिनीत काय जमतं, काय फसतं

मातीच्या दाबविटांचं (न भाजता, यंत्रात दाबून केलेल्या विटांचं) घर बांधायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, प्लॉटवरचीच माती चालेल का? नाशिकच्या आसपास बऱ्याच ठिकाणी वरचा थर काळ्या मातीचा असतो. ओली झाली की ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. विटांसाठी ती बादच धरा, आणि पायाखालीही ठेवू नका. मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खोदा, मग चार फूट जावं लागो की आठ.

खोदलेली माती समोरच पडलेली असते, म्हणून ती जोत्यात लोटून दिली जाते. पावसाळा उलटला की फरशी उचलते, दारं अडकतात. जोत्यात मुरूमच भरा, सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुमसून. काळी माती परसबागेसाठी राखून ठेवा, तिथे ती सोनं आहे.

विटांसाठी मुरमाड, तांबूस माती शोधा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि दिवसभर ठेवा. तळाला वाळू, मध्ये गाळ, वर चिकणमाती बसते. वाळू निम्म्याहून जास्त आणि चिकणमाती १० ते २० टक्के हवी. चिकण जास्त असेल तर क्रश सँड मिसळा. हा नुसता अंदाज झाला. विटा पाडण्याआधी प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्याच.

माती ५ मिमीच्या चाळणीतून चाळून तिच्यात ५ ते ८ टक्के सिमेंट कोरडंच मिसळा. २९० × १४० × ९० मिमीची वीट सुमारे ७ किलोची होते. ८ टक्क्यांनी सिमेंटच्या एका गोणीत ९५-१०० विटा निघतात. भिंतीला चौरस फुटामागे तीन विटा धरा.

खरी कसोटी पाण्याची. कालवलेली माती मुठीत घट्ट दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. चार-पाच तुकडे झाले तर पाणी बरोबर. भुगा झाला तर कमी, चपटा होऊन अखंड राहिला तर जास्त. अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवा. उरलेल्या मिश्रणात पुन्हा पाणी घालून पाडलेली वीट दिसायला छान असते, पण कोपऱ्यांनी झडते.

पहिले दोन दिवस विटा प्लास्टिकखाली झाकून ठेवा, मग गोणपाट टाकून २८ दिवस ओलसर. सगळ्यात जास्त हेळसांड इथेच होते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत विटा पाडा. एप्रिल-मेच्या उन्हात त्या आतून पक्क्या होण्याआधीच वाळतात. तयार वीट २४ तास पाण्यात बुडवा. नखाने कड खरवडली गेली तर तो घाणा भिंतीत लावू नका.

गवंडी सवयीने मसाल्यात सिमेंट वाढवतात. तसं करू देऊ नका. एक भाग सिमेंट, एक माती, सहा वाळू पुरे. मसाला विटेपेक्षा कडक झाला की भेग सांध्यातून न जाता विटेतून जाते, आणि ती दुरुस्त होत नाही. जोतं आणि लिंटेलला (दार-खिडक्यांच्या वरच्या पातळीला) आरसीसीची सलग पट्टी मात्र हवीच. तिचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या.

पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. म्हणून जोतं किमान दोन फूट, छज्जे दोन-अडीच फूट, आणि पश्चिम-दक्षिणेच्या भिंती खिडकीच्या तळापर्यंत काळ्या दगडात. बाहेरून गिलावा द्यायचाच तर चुन्याचा द्या. सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट ओल आत कोंडतात, मग पोपडे धरतात.

खर्चाबाबत भ्रमात राहू नका. सिमेंट आणि वाहतूक वाचते, पण मजुरी आणि वेळ वाढतो. वेळ नसेल तर फ्लाय अ‍ॅशच्या विटा घ्या. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची राख जवळच आहे.

गच्चीचं पाणी जरूर साठवा. शहरात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस धरला, तर हजार चौरस फुटांच्या गच्चीवरून गळती वजा जाता ५०,००० लिटर हाती येतं. पहिल्या सरींचं पाणी वेगळं काढा. शोषखड्डा मात्र पायापासून किमान पंधरा फूट लांब ठेवा, नाहीतर हेच पाणी भोवतालच्या काळ्या मातीत मुरून पायाला ढकलत राहतं.