डोमेन कुणाकडून घ्यायचं? पैसे भरण्याआधीची तयारी

मुंबईत छोटा धंदा करणाऱ्या बहुतेकांचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं इंटरनेटवरचं नाव, 'वेबसाइटवाल्या'ने घेतलेलं असतं. साइट कशी दिसावी यावर चार-चार बैठका होतात, लोगोच्या रंगावरून घरात वाद होतात. पण नाव कुठून घेतलं आणि कुणाच्या नावावर घेतलं, हे कुणी विचारत नाही. मला हे फार खटकतं. साइट बिघडली तर महिन्याभरात नवी उभी राहते. पण दुकानाच्या पाटीवर, बिलावर, टेम्पोवर छापलेलं नाव हातचं गेलं तर ते परत मिळेलच असं नाही. नवीन नाव घेणार असाल तर पैसे भरण्याआधी, आणि आधीच घेतलेलं असेल तर येत्या रविवारी, वही-पेन घेऊन बसा.

पहिल्या पानावर मालकाचं नाव लिहा. डोमेन कधीच कायमचं विकत मिळत नाही. ते मुदतीवर मिळतं, .कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. पागडीच्या खोलीत भाडेपावती कुणाच्या नावाची यावर जसं सगळं ठरतं, तसं इथे 'रजिस्ट्रंट' म्हणून कुणाची नोंद आहे यावर ठरतं. तिथे तुमचं किंवा तुमच्या फर्मचं नाव हवं, डिझायनरचं नको, भाच्याच्या मित्राचं तर नकोच. त्याखाली ईमेल लिहा, आणि तो त्याच डोमेनवरचा नसावा. ही चूक सर्रास होते: नाव दुकानाचं, ईमेलही दुकानाच्याच नावाचा. मुदत संपली की साइटबरोबर तो ईमेलही बंद पडतो आणि मुदत वाढवण्याची आठवण देणारी पत्रं त्याच बंद पेटीत जाऊन पडतात. नाव घेतल्यावर पत्ता खरा असल्याची खात्री करणारा एक मेल येतो. त्यातल्या लिंकवर १५ दिवसांत क्लिक केलं नाही, तर नाव तात्पुरतं बंद होऊ शकतं.

आता विकणारा कोण, ते पाहा. .कॉमची मूळ नोंदवही व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे आहे, .इनची आपल्या निक्सी या भारतीय संस्थेकडे. या नोंदवहीत थेट नोंद करण्याची परवानगी ज्याला आहे तो रजिस्ट्रार. .कॉम, .नेट, .ऑर्गसाठी ही मान्यता आयकॅन ही डोमेनचा कारभार पाहणारी आंतरराष्ट्रीय संस्था देते आणि .इनसाठी निक्सी. दोन्ही याद्या त्यांच्या त्यांच्या साइटवर खुल्या आहेत, आणि एका यादीत नाव आहे म्हणजे दुसऱ्या यादीत असेलच असं धरून चालू नका. रजिस्ट्रारच्या खाली येतो रिसेलर, म्हणजे रजिस्ट्रारची नावं पुढे विकणारा एजंट. मुंबईला हा धंदा नवा नाही. १९९८ मध्ये सुरू झालेली डिरेक्टी ही मुंबईचीच कंपनी. तिच्या बिगरॉक आणि रिसेलरक्लबमधून देशभरातल्या असंख्य छोट्या एजंटांनी नावं विकली, आणि २०१४ मध्ये तो व्यवसाय अमेरिकेच्या एन्ड्युरन्स कंपनीकडे गेला. रिसेलरकडून घेणं वाईट नाही. अंधेरीतला ओळखीचा माणूस रात्री फोन उचलतो, यालाही किंमत आहे. पण त्याच्यामागे कोणता रजिस्ट्रार उभा आहे ते त्याच्याकडून लिहून घ्या, आणि उद्या एजंटाने दुकान गुंडाळलं तर तुम्हाला त्या रजिस्ट्रारकडे थेट जाता येतं का, तेही विचारा.

आधीच घेतलेल्या नावाचं हे सगळं मोबाइलवर दोन मिनिटांत कळतं. आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाका; .इन असेल तर निक्सीच्या रजिस्ट्रीच्या साइटवर शोधा. पूर्वी ही माहिती 'हूइज'मध्ये मिळायची. .कॉमसारख्या नावांसाठी २८ जानेवारी २०२५ पासून आरडॅप ही नवी पद्धत अधिकृत झाली आहे. पान इंग्रजीत आणि लांबलचक असतं, पण तुम्हाला चारच ओळी हव्यात: रजिस्ट्रारचं नाव, मुदत संपण्याची तारीख, नेमसर्व्हर (नाव टाकल्यावर कोणती साइट उघडायची ते सांगणारे संगणक) आणि स्टेटस. स्टेटसमध्ये 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' दिसलं तर घाबरू नका, उलट बरं वाटू द्या. त्याचा अर्थ नावाला लॉक लावलेलं आहे आणि ते परस्पर कुणाला हलवता येणार नाही.

किमतीकडे बघताना पहिल्या वर्षाचा आकडा बोटाने झाका. सप्टेंबर २०२४ मध्ये .कॉमसाठी व्हेरिसाइन रजिस्ट्रारकडून वर्षाला १०.२६ डॉलर घ्यायला लागली. म्हणजे शंभर-दीडशे रुपयांत .कॉम देणारा रजिस्ट्रार पदरचे पैसे घालतोय, आणि ते तो दुसऱ्या वर्षापासून वसूल करणार. म्हणून कार्टमध्ये नाव टाकून मुदत एका वर्षावरून पाच वर्षं करून बघा. खरा दर तिथे उघडा पडतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा आणि फर्मच्या जीएसटी नंबरासह बिल मिळतं का ते बघा. कार्टमध्ये आधीच टिक केलेल्या वस्तू एकेक करून काढा. एसएसएलसाठी, म्हणजे साइट सुरक्षित करणाऱ्या सर्टिफिकेटसाठी, वेगळे पैसे मागत असतील तर सहसा द्यायची गरज नाही. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची सर्टिफिकेटं २०१५ पासून फुकट मिळतात आणि बहुतेक चांगले होस्टिंगवाले (साइट ठेवायला जागा भाड्याने देणारे) ती स्वतःच लावून देतात. क्लाउडफ्लेअरसारखे काही रजिस्ट्रार मूळ दरातच नाव देतात, पण तिथे नेमसर्व्हर त्यांचेच वापरावे लागतात. ही अट चालणार असेल तरच तिकडे वळा.

पैसे कसे भरणार, याला मी किमतीपेक्षा जास्त महत्त्व देते. ऑटो-रिन्यूचं, म्हणजे मुदत आपोआप वाढवण्याचं, बटण हिरवं दिसलं की माणूस निर्धास्त होतो, आणि आपल्याकडे नेमकं तिथेच अडतं. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. कार्डावरून दरवेळी आपोआप पैसे कापायचे तर आधी मँडेट (बँकेला दिलेली परवानगी) नोंदवावा लागतो आणि प्रत्येक वेळी पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी बँकेची सूचना यावी लागते. परदेशी रजिस्ट्रारकडे ही सोय नसेल, तर भारतीय कार्डावरचं ऑटो-रिन्यू गुपचूप फसतं. बटण हिरवंच राहतं, पैसे मात्र जात नाहीत. त्यामुळे रुपयांत आणि यूपीआयने पैसे घेणारा रजिस्ट्रार बघा. परदेशी रजिस्ट्रारच हवा असेल तर एकदम तीन-पाच वर्षांचे भरून मोकळे व्हा. रजिस्ट्रारच्या खात्यात आगाऊ पैसे ठेवण्याची सोय असेल तर तीही चांगली.

मुदत संपल्यावर काय होतं, हे रजिस्ट्रारच्या अटींमधून शोधून वाचाच. .कॉमच्या बाबतीत रजिस्ट्रारने साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी आठवण द्यायची असते, आणि नूतनीकरण झालं नसेल तर मुदत संपल्यापासून पाच दिवसांत आणखी एकदा. त्यापुढचा सवलतीचा काळ ४५ दिवसांपर्यंत असू शकतो, पण तो पुरा द्यायचा की नाही हे रजिस्ट्रारच्या हातात. काही जण त्याच काळात नाव लिलावाला काढतात. नंतर ३० दिवसांचा रिडम्प्शनचा काळ, ज्यात नाव परत मिळतं पण भरमसाट दंड भरून. शेवटी ५ दिवस नाव गोठतं आणि मग कुणालाही घ्यायला मोकळं होतं. तेव्हा दोन आकडे वहीत लिहून ठेवा: सवलतीचे दिवस किती आणि रिडम्प्शनचा दंड किती. हे आकडे जो लपवतो त्याच्याकडे जाऊ नका.

माझ्या ओळखीच्या, लालबागला फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका ताईंचं नाव ऐन दिवाळीच्या आधी असंच संपलं. आठवणीचे मेल साइट बनवणाऱ्या मुलाच्या जुन्या पत्त्यावर जात होते आणि त्याने ते काम कधीच सोडलं होतं. ताईंना कळलं ते गिऱ्हाइकाच्या फोनवरून: "अहो, तुमच्या साइटवर चकलीच्या जागी कर्जाच्या जाहिराती दिसतायत." भाजणी दळून आलेली, डबे धुऊन ठेवलेले आणि ऑर्डरीचं पान गायब. खातं मुलाच्या नावावर असल्यामुळे ताईंनी रजिस्ट्रारला कितीही फोन केले तरी उपयोग नव्हता. तो खातेदाराशीच बोलणार, आणि ते बरोबरही आहे. नाव परत मिळेपर्यंत दिवाळी उलटून गेली होती. त्यांच्या दोन महिन्यांच्या कमाईचा प्रश्न होता तो. ते आठवलं की अजून जीव तुटतो.

निघायचं कसं, हे आत शिरण्याआधी विचारा. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नाव न्यायला ऑथ कोड, म्हणजे नाव हलवण्याचा गुप्त कोड, लागतो. तुम्ही मागितल्यावर तो पाच दिवसांत द्यावाच, असा आयकॅनचा नियम आहे. चांगल्या ठिकाणी तो खात्यात एका क्लिकवर मिळतो. वाईट ठिकाणी 'टीमला कळवतो' म्हणून दिवस ढकलतात. नवं .कॉम नाव पहिले ६० दिवस सहसा हलवता येत नाही. मुदत अगदी टेकली असताना तर नाव हलवूच नका. महिना-दोन महिने हाताशी हवेत. ऑथ कोड खात्यात थेट दिसतो का, हा प्रश्न विकत घेण्याआधीच सपोर्टला लिहून विचारा, तोही शनिवारी संध्याकाळी. उत्तर कधी आणि कसं येतं, त्यावरून बरंच कळेल. माझं स्पष्ट मत आहे की डोमेन आणि होस्टिंग एकाच ठिकाणी ठेवू नये. होस्टिंगवाल्याशी बिनसलं तर नुसते नेमसर्व्हर बदलून साइट दुसरीकडे नेता येते; दोन्ही त्याच्याच हातात असेल तर तुम्ही अडकता.

खात्याच्या कुलपाचं थोडक्यात. दोन टप्प्यांचं लॉगिन हवंच, आणि ते एसएमएसच्या ओटीपीवर नको, फोनवरच लॉगिनचे कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपवर हवं. दुसऱ्याने तुमच्या नावाचं सिम काढलं तर ओटीपी त्याच्याकडे जातात. ॲप चालू करताना मिळणारे रिकव्हरी कोड कागदावर छापून घ्या. लोकलच्या गर्दीत फोन मारला जाणं इथे रोजचं आहे, आणि त्या दिवशी हाच कागद कामाला येतो.

रजिस्ट्रार टिकेल का? मोठं नाव म्हणजे कायमचं, असं नाही. गूगलने आपला डोमेनचा व्यवसाय २०२३ मध्ये स्क्वेअरस्पेसला विकला आणि लाखो नावं न मागता दुसऱ्या दारात गेली. त्याआधी २००७ मध्ये रजिस्टरफ्लाय ही अमेरिकन कंपनी कोलमडली, आयकॅनने तिची मान्यता काढली आणि हजारो लोक आपल्याच नावांसाठी महिनोन्‌महिने धावत राहिले. त्यानंतर नोंदींची प्रत तिसऱ्या संस्थेकडे ठेवण्याच्या नियमाची अंमलबजावणी कडक झाली. ही सुरक्षा मान्यताप्राप्त रजिस्ट्रारपुरती आहे. एजंटाने आपल्याच नावावर घेऊन ठेवलेल्या डोमेनच्या प्रतीत मालक म्हणून नाव एजंटाचंच असणार.

.इन घेणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मालकाची माहिती दुसऱ्याच्या नावाआड लपवणारी प्रायव्हसी सेवा तिथे चालत नाही, त्यामुळे खरं नाव-पत्ता द्यायची तयारी ठेवा. आणि नोंदणीसाठी घरातला मोबाइल नंबर देऊ नका; नाव घेतल्या घेतल्या "वेबसाइट बनवायची आहे का?" असे फोन सुरू झाल्याच्या तक्रारी मी सतत ऐकते. देवनागरी .भारत २०१४ पासून मिळतं. मराठी नाव मराठी लिपीत घ्यायची हौस असेल तर जरूर घ्या, मलाही ते पाहून आनंद होतो. मात्र सगळे रजिस्ट्रार ते ठेवत नाहीत, आणि फॉर्म भरताना काही ठिकाणी देवनागरी ईमेल पत्ता स्वीकारला जात नाही. म्हणून जोडीला रोमन लिपीतलं .इन किंवा .कॉम असू द्या.

नाव घेऊन झालं की बिलाची पीडीएफ, लॉगिनचा ईमेल, मुदतीची तारीख आणि रिकव्हरी कोड एकाच फाइलीत लावा. ती फाइल कुठे आहे, हे धंद्यातल्या किंवा घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवा. मुदतीच्या दोन महिने आधीची आठवण फोनच्या कॅलेंडरमध्ये दोघांच्याही नावाने लावा, आणि त्याच आठवड्यात लुकअप पानावर जाऊन रजिस्ट्रंटचा ईमेल अजून चालू आहे का ते तपासा. माहिती झाकलेली दिसली तर रजिस्ट्रारच्या खात्यात शिरून बघा.