जुनं झुंबर साफ करताना

जुन्या महालातलं झुंबर पडतं ते सहसा काचेमुळे नाही, वरच्या धातूमुळे. म्हणून लोलकांना, म्हणजे लोंबत्या काचांना, हात लावण्याआधी छतातला हूक, साखळीच्या कड्या आणि मधल्या दांड्याचे आटे तपासा. मेन स्विच बंद करा आणि होल्डरमध्ये वीज नाही याची मीटरने खात्री करा.

झुंबर हाताने गोल फिरवत पुसायची पद्धत सर्रास दिसते. तिने दांड्याचे आटे सैल होतात. शिडी हलवा, झुंबर नाही.

उतरवायचं असेल तर आधी चारही बाजूंनी फोटो काढा. फांद्या, म्हणजे दिवे धरणारे बाहू, समोरासमोरच्या जोडीने सोडवा, नाहीतर तोल एका बाजूला जातो. फांदीच्या बुडाशी आणि तिच्या खाचेजवळ बऱ्याचदा जुळणारे आकडे किंवा टिंबं कोरलेली असतात. नसतील तर चिठ्ठ्या बांधा. खाच चुकली की फांदी तिरकी बसते.

लोलक धुताना प्लास्टिकच्या टबात तळाला टॉवेल अंथरा. कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, आणि एका वेळी थोडेच लोलक. कढत पाण्यात जाड काच तडकते. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने खळबळून लगेच पुसा, डाग राहत नाहीत. जागेवरच पुसायचं असेल तर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, चार भाग डिस्टिल्ड वॉटर, आणि तेही कापडावर घेऊन. थेट फवारलं की पाणी ओघळून होल्डरमध्ये जातं. अमोनिया असलेला काच-क्लीनर नकोच, त्याने ताणाखालच्या पितळेला तडे जातात.

लोखंडी तारेने ओवलेले लोलक दिसले तर तार बदलून पितळी घाला. गंजाचा डाग काचेवर उतरतो आणि ताठ, करकचून आवळलेल्या तारेने भोकाची कड उडते.

पितळ घासण्याआधी खोलगट नक्षी नीट बघा. तिथे सोनेरी आणि उंचवट्यांवर पिवळं दिसत असेल, तर तो सोन्याचा मुलामा आहे. पॉलिश लावलंत की उरलेलं सोनंही जाईल. फक्त मऊ कोरडा ब्रश फिरवा.

कापडाच्या वेष्टणाची रबरी वायर वाकवताच भुगा होते. ती तुकड्यांनी न जोडता इलेक्ट्रिशियनकडून पूर्ण बदला आणि धातूच्या सांगाड्याला अर्थिंग द्या. मूळ गॅसवर चालणाऱ्या झुंबरात फांद्यांना छोट्या तोट्या असतात. वायर त्यातून ओढताना आतली धारदार कड वेष्टण सोलते, म्हणून आधी कड घासून बोथट करा आणि वायरवर स्लीव्ह, म्हणजे संरक्षक नळी, चढवा.