मित्रांना कोडी घालायची तर नीट घाला

कोडं माहीत असणं वेगळं आणि ते घालता येणं वेगळं, आणि बऱ्याच जणांचं गाडं दुसऱ्या गोष्टीवर अडतं. अर्धवट आठवलेलं कोडं घालतात, मध्येच "अरे थांब, एक सांगायचं राहिलं" म्हणतात, समोरचा जरा विचारात पडला की दोन मिनिटांत स्वतःच उत्तर फोडून मोकळे होतात आणि वर "किती सोपं होतं ना" हेही ऐकवतात. मग पुढच्या वेळी कोण कशाला डोकं लावेल? तर साधी कोडी, डोकं खाजवायला लावणारे प्रश्न आणि खास करून फिजिक्सची कोडी (माझा जीव तिथेच अडकलेला आहे) दोस्तांना कशी घालायची ते सांगतो.

सगळ्यात आधी कोड्याचे शब्द पक्के करा. एक शब्द इकडचा तिकडे झाला की उत्तरच बदलतं. तीन दारांचं कोडं घ्या, एका दारामागे गाडी, दोघांमागे बकऱ्या, तुम्ही एक दार निवडता, मग सूत्रधार उरलेल्यातलं एक बकरीवालं दार उघडून दाखवतो आणि विचारतो, बदलायचंय का? बदललं तर जिंकायची शक्यता दोन तृतीयांश. पण हे कधी? तर गाडी कुठे आहे ते सूत्रधाराला माहीत असतं आणि तो दरवेळी मुद्दाम बकरीच दाखवतो, हे कोड्यात सांगितलेलं असेल तेव्हा. त्याने आंधळेपणाने दार उघडलं आणि नशिबाने बकरी निघाली असेल तर शक्यता निम्मी निम्मी. म्हणजे हे एक वाक्य गाळलंत तर "फरक पडत नाही" म्हणून भांडणारा मित्रही चूक नसतो. 1990 मध्ये मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी अमेरिकेतल्या परेड मासिकातल्या आपल्या सदरात "बदला" असं उत्तर दिलं तेव्हा सुमारे 10,000 पत्रं आली, त्यात हजाराच्या आसपास पत्रं पीएचडीवाल्यांची होती आणि बहुतेकांचं म्हणणं बाई चुकल्या. पॉल एर्डॉशसारखा गणितीसुद्धा कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा खेळवून दाखवेपर्यंत पटवून घेत नव्हता, मग आपल्या मित्राने दहा मिनिटं वाद घातला तर काय बिघडलं!

आणि पटवायचं तर तोंडाने पटवत बसू नका, पत्ते काढा. 52 पत्ते पालथे ठेवा, मित्राला बदामचा एक्का शोधायला सांगा, तो न बघता एक पत्ता उचलेल, तुम्ही उरलेले 51 बघून त्यातले 50 सुलटे करून दाखवा, त्यात बदामचा एक्का नाही, त्या 51 मधला एकच पत्ता पालथा राहिलाय. आता विचारा बदलतोस का. इथे मात्र बहुतेक लोक पटकन बदलतात, आणि मग "तीन दारांना काय वेगळं आहे सांग" एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं.

फिजिक्सच्या कोड्यांचा नियम अजून कडक आहे, आधी अंदाज घ्यायचा, प्रत्येकाकडून, आणि शक्यतो कागदावर लिहून. नाहीतर उत्तर कळल्यावर सगळेच म्हणतात "मी हेच म्हणणार होतो". पर्याय तीनच ठेवा, वाढेल, कमी होईल, तेवढंच राहील, म्हणजे ज्याला फिजिक्सचा फ जमत नाही तोही खेळात येतो. चार जणांत दोन तट पडले की अर्धं काम झालं, कारण आता ते तुमच्याशी नाही तर एकमेकांशी भांडतील आणि खरी मजा तिथेच असते.

माझं सगळ्यात आवडतं कोडं होडीचं. छोट्या तळ्यात होडी, होडीत माणूस आणि एक मोठा दगड. माणसाने दगड उचलून पाण्यात टाकला, तो बुडाला. तळ्याची पातळी वाढली, कमी झाली की तेवढीच राहिली? बहुतेक जण "वाढली" किंवा "तेवढीच" म्हणतात, उत्तर आहे कमी झाली. होडीत असताना दगड आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो आणि तळाशी गेल्यावर फक्त आपल्या आकाराइतकं. अडीच किलोचा दगड, आकार एक लिटर धरा, होडीत असताना त्याच्यापायी अडीच लिटर पाणी सरलेलं, तळाशी गेल्यावर एकच लिटर, म्हणजे दीड लिटरचा फरक.

आता हे सांगायचं नाही, दाखवायचं. एक उभट, अरुंद, पारदर्शक भांडं घ्या, त्यात जेमतेम मावेल अशी प्लॅस्टिकची वाटी तरंगत ठेवा आणि वाटीत लोखंडाचा जड तुकडा. दगडापेक्षा लोखंड बरं कारण ते पाण्याच्या जवळपास आठपट जड असतं, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो. पसरट टबात केलंत तर पातळी केसभर हलेल आणि लोक म्हणतील काही झालंच नाही, म्हणून भांडं अरुंदच हवं. बाहेरून मार्करने रेघ मारा, लोखंड अलगद पाण्यात सोडा (धपकन टाकलंत तर पाणी उडेल आणि मग "पाणी सांडलं म्हणून कमी झालं" हा वाद सुरू), वाटी तरंगतीच राहू द्या, पाणी शांत झालं की बघा. रेघ वर, पाणी खाली. या क्षणी तुम्ही एक शब्द बोलू नका, समोरच्याचं तोंड बघा फक्त.

उत्तर निघालं म्हणजे कोडं संपलं असं नाही, लगेच पुढचा प्रश्न फेका: दगडाऐवजी लाकडाचा ओंडका टाकला असता तर? (काहीच फरक नाही, तो होडीतही तरंगतोय आणि बाहेरही.) पाण्यात तरंगणारा बर्फ वितळला तर? (गोड्या पाण्यात पातळी तेवढीच.) आणि त्या बर्फात खडा गोठलेला असेल तर? हे शेवटचं ज्याने स्वतः सोडवलं त्याला होडीचं कोडं खरोखर कळलं समजा.

हिंट देणं ही एक कलाच आहे. उत्तराचा तुकडा म्हणजे हिंट नव्हे, समोरच्याला नव्या जागी नेऊन उभं करायचं असतं. होडीसाठी माझी ठरलेली हिंट अशी, दगड लिंबाएवढाच आहे पण वजन हत्तीएवढं आहे असं धर. मग लिंबाएवढी वस्तू तळाशी गेल्यावर किती पाणी सारणार हे आपोआप दिसतं, आणि होडी त्या वजनाने किती खाली गेली असेल हेही. टोकाची परिस्थिती घेऊन बघ, ही एकच हिंट अर्ध्या कोड्यांना चालते, पत्त्यांचा तो 52 वाला खेळही तोच. पण मित्राने मागितल्याशिवाय देऊ नका, तो गप्प आहे म्हणजे अडकलाय असं नसतं, बऱ्याचदा मजेत असतो.

नाण्यांचं कोडं खिशात हात घालून कुठेही घालता येतं. दोन सारखी नाणी, एक टेबलावर घट्ट धरून ठेवा, दुसरं त्याच्या कडेकडेने न घसरता गोल फिरवत पूर्ण चक्कर मारून मूळ जागी आणा, तर फिरणारं नाणं स्वतःभोवती किती वेळा फिरलं? घेर सारखाच मग एक, असं सगळे सांगतात. उत्तर दोन. करून बघा, अर्ध्या चकरेत, नाणं वरून बरोबर खाली पोचलं की छाप पुन्हा सरळ उभा दिसतो, म्हणजे एक फेरा तिथेच संपला. कारण नाण्याचा मध्य ज्या वर्तुळावरून जातो त्याची त्रिज्या दुप्पट आहे. 1982 मध्ये अमेरिकेतल्या एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत असाच प्रश्न होता, लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश, बरोबर उत्तर चार, आणि दिलेल्या पर्यायांत चार नव्हतंच! काही विद्यार्थ्यांनी ते दाखवून दिलं तेव्हा तो प्रश्न रद्द करावा लागला. ही गोष्ट नंतर सांगायची हं, आधी सांगितलीत तर लोक सावध होतात.

सामान नसेल तर जुगाड करा. गाडीतल्या हेलियमच्या फुग्याचं कोडं आहे ना, गाडीने एकदम वेग घेतला तर दोरीने खाली बांधलेला फुगा पुढे जातो की मागे (पुढे!), त्यासाठी हेलियम कुठून आणणार, तर बाटली पाण्याने जवळजवळ पूर्ण भरा, छोटासा बुडबुडा राहू द्या, बाटली आडवी धरा आणि झटक्यात पुढे सरकवा. बुडबुडा पुढे पळतो. पाणी मागे राहायला बघतं आणि हलक्या बुडबुड्याला पुढे ढकलतं, फुग्याचं आणि हवेचं पण तेच. रिळाचं कोडंही असंच फुकटातलं, दोरा रिळाच्या खालून निघतोय आणि तुम्ही तो आडवा ओढला तर रीळ तुमच्याकडे येतं, दोरा बराच उभा करून ओढला तर पळून जातं.

चॅटवर टाकायची कोडी वेगळी निवडा. तिथे करून दाखवता येत नाही आणि गुगल एका बोटावर आहे, त्यामुळे "उत्तर इथे टाकू नका, मला पर्सनलवर पाठवा" हे कोड्याबरोबरच लिहायचं आणि उत्तर कधी सांगणार तेही, उदाहरणार्थ उद्या रात्री, आणि मग रात्रीच सांगायचं. तीन बटणं एक बल्बवालं जुनं कोडं (बाहेरच्या तीन बटणांपैकी आतल्या बल्बचं कोणतं, हे खोलीत एकदाच जाऊन ओळखायचं) टाकणार असाल तर बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचा, तापणारा आहे असं लिहा, कारण उत्तर बल्बला हात लावून बघण्यावर आहे आणि एलईडी त्या मानाने फारच कमी तापतो. आणि ते 8÷2(2+2) छापाचे "जिनियसच सोडवू शकेल" वाले फॉरवर्ड कृपया नको. 16 की 1 हा वाद कोड्याचा नाहीच, कंस टाकायचा आळस केलाय एवढंच. सरकत्या पट्ट्यावरचं विमान उडेल का, हेही तसंच, विमानाला इंजिन हवेच्या जोरावर ढकलतं आणि चाकं नुसती मोकळी फिरतात म्हणून ते उडतं, पण पट्टा नक्की कशाच्या वेगाने उलटा जातोय हे आधी ठरवलं नाही तर रात्रभर भांडाल.

जेवढे जास्त लोक तेवढी हो-नाही वाली कोडी बरी. एक विचित्र प्रसंग सांगायचा आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारत उलगडायचा, तुम्ही फक्त "हो", "नाही" किंवा "फरक पडत नाही" म्हणायचं. हे तिसरं उत्तर ठेवाच, नाहीतर लोक वीस मिनिटं नसत्या वाटेवर फिरत बसतात.

एखाद्याला उत्तर आधीच माहीत असतं, हे दर मैफलीत होतं. म्हणून सुरुवातीलाच विचारा, कोणी ऐकलंय का, आणि ज्याने ऐकलंय त्याला हिंट द्यायचं काम देऊन टाका, म्हणजे तो फोडत नाही आणि कंटाळतही नाही. आणि कोणी तुमच्या उत्तरापेक्षा वेगळं पण बरोबर बसणारं उत्तर दिलं तर ते मान्य करा, उगाच "नाही, पुस्तकात असं नाहीये" करू नका, पुढच्या वेळी त्याच उत्तराची वाट बंद होईल असे शब्द कोड्यात घाला.

मोबाईलमध्ये एक नोट ठेवा, कोडं, त्याचे नेमके शब्द, एक हिंट, लागणारं सामान आणि पुढे ते कोणाला घातलंय त्यांची नावं. नावं लिहाच, एकाच माणसाला तेच कोडं दुसऱ्यांदा घातलं की तो पहिल्या वाक्यालाच "खाली जातं पाणी" म्हणतो आणि बाकीच्या पाच जणांचाही खेळ तिथेच आटोपतो.