खाटेजवळ बसणाऱ्यांसाठी

मेडिकल वॉर्डात अठ्ठावीस वर्षं नर्स होते, आता डिचोलीला घरीच असते. शेजारपाजारचं कोणी अॅडमिट झालं की पहिला फोन मला येतो. पेशंट एचआयव्हीचा असेल तर आवाज खाली जातो. फोनवर सांगते तेच इथे लिहिते.

आधी हात. बसची दांडी, मोबाईल, लिफ्टचं बटण धरलेला हात तसाच पेशंटच्या कपाळावर जातो. सॅनिटायझर घेतला तर २० ते ३० सेकंद, सुकेपर्यंत चोळा. हात मळलेले असतील किंवा पेशंटला जुलाब असतील तर साबण-पाणीच, ४० ते ६० सेकंद. अंगठा आणि नखांच्या कडा हमखास राहतात. सर्दी-खोकला असलेल्यानं भेटीला जाऊच नये, मग तो सख्खा मामा का असेना.

सलाईनची सुई रोज नीट बघा. तिथे लाल झालं, सुजलं, दुखलं तर सिस्टरला लगेच दाखवा. राऊंडला डॉक्टर आले की विचारा, ‘ही सुई आज लागणार आहे का?’ लघवीच्या नळीबद्दलही हेच विचारा. आत राहिलेला प्रत्येक दिवस जंतूंना वाट देतो. पिशवी कमरेच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. एकदा एक्स-रेला नेताना घाईत मीच ती पेशंटच्या पोटावर ठेवली. नळीतली लघवी उलटी जाताना दिसली तेव्हा खाली घेतली. दोन दिवसांनी त्याला हुडहुडी भरून ताप आला. त्यामुळेच आला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण ती पिशवी अजून डोळ्यांसमोर येते.

आता एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या. घरात कोणाला कळू नये म्हणून डबी कपाटात साड्यांमागे असते, आणि धावपळीत तिथेच राहते. पेशंट चार दिवस वॉर्डात, डबी घरी! तसं होऊ देऊ नका. डबी सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा, त्यांच्या सल्ल्याशिवाय एकही डोस चुकवू नका. त्यांत डोलुटेग्राविर हे औषध असेल तर लोह, कॅल्शियम किंवा अॅसिडिटीचं औषध त्याच वेळी नको: डोलुटेग्राविर त्यांच्या दोन तास आधी, नाहीतर सहा तासांनी. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोलुटेग्राविरचा जादा डोस लागतो, म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्ही औषधं माहीत हवीत. सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा, ३५०च्या खाली असेल तर इतर जंतुसंसर्ग टाळायला रोजची सेप्ट्रानची गोळी देतात. बरं वाटलं म्हणून ती आपल्या मनानं बंद करू नका. अंगावर पुरळ आलं तर मात्र लगेच दाखवा.

खोकला, ताप, वजन उतरणं, रात्री घाम, यातलं एक जरी असेल तरी टीबीची तपासणी मागा. बाथरूमपर्यंत जाताना धाप लागत असेल, गिळताना दुखत असेल, नजर धूसर झाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सगळ्यात फसवी डोकेदुखी. एकीच्या घरच्यांनी आठ दिवस बाम चोळला, उन्हाचं असेल म्हणून. निघाला क्रिप्टोकॉकस, मेंदूच्या आवरणाचा बुरशीजन्य आजार. सीडी फोर १००च्या खाली असेल तर त्याची रक्ततपासणी करता येते, दुखायच्या आधीच विचारा.

घरी आल्यावर तिसऱ्या, खुबे, कालवं असं शिंपल्यातलं काही खायचं तर पूर्ण शिजवूनच. पावसात विहिरीचं पाणी उकळून.

आणि शेजाऱ्यांना काय सांगायचं? काही सांगायची सक्ती नाही. २०१७च्या कायद्यानं संमतीशिवाय कोणाचं एचआयव्हीचं निदान उघड करता येत नाही, खाटेवरच्या पाटीवरसुद्धा नाही. शंका असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाईनवर फुकट फोन लागतो. आता उठा आणि साड्यांमागच्या त्या डबीचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, औषधाचं नाव वाचता येईल असा.