जुनी पिकअप घेताना: बिल्ल्यामागची गाडी ओळखा

दोन कंपन्यांच्या भागीदारीतून आलेल्या पिकअपचा दर्जा बिल्ल्यावरून, म्हणजे गाडीवरच्या कंपनीच्या चिन्हावरून, कळत नाही. चॅसिस कोणाची, इंजिन कोणाचं आणि जुळणी कुठे झाली, हे सौद्याआधी शोधा.

सुरुवात १७ अक्षरी चॅसिस नंबरपासून करा. पहिली तीन अक्षरं उत्पादक सांगतात. मग इंजिनावर कोरलेला कोड उतरवून घ्या. नुसत्या मॉडेलवर आणि वर्षावर विसंबलात, तर चुकीचा फिल्टर हातात पडतो. माझदा बीटी-५० चंच पाहा: २०११ ला आलेली पिढी फोर्ड रेंजरची जुळी, त्यात ३.२ लिटरचं पाच सिलिंडर डिझेल मिळायचं. २०२० ला आलेली पिढी मात्र इसुझू डी-मॅक्सवर बेतलेली, त्यात ३ लिटरचं चार सिलिंडर डिझेल मिळतं. आमच्या मते ही नवी पिढी सांभाळायला सोपी, कारण चॅसिस, इंजिन आणि जुळणी एकाच घरची आहे.

फोक्सवॅगन अमारोकमध्ये फसगत याहून मोठी. पहिली पिढी कंपनीची स्वतःची, दुसरी रेंजरवर आधारलेली आणि दक्षिण आफ्रिकेत फोर्डच्या सिल्व्हर्टन कारखान्यात बनणारी. ‘३ लिटर व्ही-६ डिझेल’ दोन्हींत आहे, पण इंजिनं वेगळी. शिवाय अर्जेंटिनात जुनी पिढीच सुधारून चालू ठेवली, त्यामुळे २०२३ ची अमारोक म्हणजे दोनपैकी कोणतीही असू शकते.

जुळ्या गाड्यांचे सगळे भाग एकमेकींना बसतात असंही नाही. मर्सिडीज एक्स-क्लास निसान नवाराच्या चॅसिसवर उभी आहे, तरी तिच्या मागच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत. अनेक नवारांना तिथे ड्रम असतात. ब्रेकचे भाग, कंट्रोल युनिट आणि चाव्या बिल्ल्याच्या कंपनीच्या पार्ट नंबरनेच मागवा. बेअरिंग, बुश, क्लच यांचे नंबर मात्र दोन्हीकडे ताडून पाहा. तोच भाग दुसऱ्या नावाने स्वस्त मिळू शकतो.

रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं, हेही दोन्ही नावांनी शोधा. जुळ्या गाडीचा रिकॉल दिसला, तर आपल्या चॅसिस नंबरवर तो लागू आहे का आणि काम झालंय का, हे अधिकृत डीलरकडून तपासून घ्या.

शेवटी गाडीखाली शिरा. केबिनच्या मागची चॅसिस आणि लीफ स्प्रिंगचे ब्रॅकेट हातोडीने हलके ठोका. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, पापुद्रे सुटले किंवा ताज्या काळ्या रंगाचा थर दिसला, तर आतून गंज धरलाय असं समजा आणि ती गाडी सोडा.